राजर्षी शाहू छत्रपतींचे पोरके बालपण

राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस अपरिचित आहे असे नाही. दरवर्षी २६ जून रोजी महाराजांच्या पुतळ्यास हार घातला जातो, व्याख्याने होतात आणि १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा, राधानगरीचे धरण, वसतिगृहे, खासबागेचे मैदान यांचे वर्णन आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु हे सर्व ज्याने उभे केले तो पुरुष वयाचे तिसरे वर्ष पुरे होण्यापूर्वी मातेला आणि बारावे वर्ष पुरे होण्यापूर्वी पित्याला मुकलेला एक पोरका मुलगा होता, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कागलच्या मातीशी ज्याचे नाते आहे अशा या थोर पुरुषाच्या चरित्राची हीच बाजू या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे योजिले आहे.

यास आणखी एक निमित्त आहे. बालपणी सोसलेल्या गोष्टींचा परिणाम मनुष्याच्या प्रकृतीवर आयुष्यभर राहतो, या विषयाचे अलीकडे डॉक्टर मंडळींनी पुष्कळ संशोधन केले आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी सुमारे साडेनऊ हजार प्रौढ स्त्रीपुरुषांना त्यांच्या लहानपणाविषयी प्रश्न विचारले आणि १९९८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. घरातील मारझोड, आईचा छळ, वडीलधाऱ्यांचे व्यसन, असल्या गोष्टी ज्याच्या वाट्याला जितक्या अधिक आल्या, तितके त्याच्या उत्तर आयुष्यात हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, नैराश्य व व्यसने यांचे प्रमाण चढत गेलेले त्यांना आढळले. आपल्या पुण्यास के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांची मुले यांचा माग ठेवला. त्यांच्या कार्यातून असे दिसून आले की, आपल्याकडील मूल वजनाने लहान जन्मले तरी अंगी चरबी राखून असते आणि पुढे त्यास मधुमेहाची भीती अधिक राहते. म्हणजे देह हा मोठा चोख कारकून आहे; पाळण्यातील, किंबहुना गर्भातीलही, नोंद तो पुसत नाही. प्रस्तुत लेखक हा वैद्य नव्हे, साधा शिक्षक आहे; तेव्हा या शास्त्राचा ऊहापोह येथेच थांबवून मूळ चरित्राकडे वळतो.

२६ जून १८७४ रोजी कोल्हापुरानजीक कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात कागलच्या घाटगे घराण्यात या बालकाचा जन्म झाला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागल जहागिरीचे अधिपती. माता राधाबाईसाहेब या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. मार्च १८७७ मध्ये राधाबाईसाहेब निवर्तल्या. यशवंतराव तेव्हा पावणेतीन वर्षांचे होते आणि धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब तर त्याहूनही लहान. या वयाच्या मुलास आईचा चेहरासुद्धा पुढे आठवत नाही. राहते ती केवळ एक पोकळी. घरी दासदासी, घोडे, पागा, कशाची वाण नव्हती. परंतु ज्याची उणीव होती ती वस्तू जहागिरीच्या उत्पन्नातून विकत घेता येण्यासारखी नव्हती. पुढे महाराजांस पहिले अपत्य कन्यारत्न झाले, तिचे नाव त्यांनी राधाबाई ठेविले; आणि भोगावतीच्या काठी धरणाजवळ जे गाव वसविले ते राधानगरी. हे गाव कन्येच्या नावाने वसले असे सांगतात व ते खरेच आहे. पण त्या नावाच्या मागे आणखी एक नाव उभे आहे, हे ज्याला लहानपणी आई नव्हती त्याला सांगावे लागणार नाही.

आता कोल्हापूरच्या गादीकडे पाहावे लागेल. कारण त्या गादीवर यशवंतरावांच्या अगोदर आणखी एक दत्तक मुलगा बसला होता आणि त्याची कथा समजल्याखेरीज या कथेचे मर्म ध्यानी येणार नाही. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे सावर्डेकर भोसल्यांच्या घरातील नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा १८७१ साली दत्तक घेण्यात आला व चौथे शिवाजी महाराज या नावाने गादीवर बसविण्यात आला. आपले घर सोडून आलेल्या या मुलाभोवती वाढत्या वयात मायेचे माणूस कमी आणि पहारा अधिक अशी स्थिती होत गेली. त्यांस वेडे ठरविण्यात आले. ते खरोखर वेडे होते, की त्यांस वेडे करण्यात आले, याविषयी त्याही काळी महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. या प्रकरणी कारभारी बर्वे यांच्यावर केसरी व मराठा या पत्रांतून झालेल्या लेखनाबद्दल टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ही हकीकत शाळेत शिकलेली बहुतेकांस आठवत असेल. पुढे महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

या घटनेस तीन महिने होतात न होतात तोच, १७ मार्च १८८४ रोजी, दिवंगत महाराजांच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि दहाव्या वर्षात असलेला कागलचा यशवंत हा शाहू छत्रपती झाला. विचार करून पाहावे: आई नाही, जन्माचे घर सुटले, नाव बदलले आणि ज्या जागी बसावयाचे त्या जागेचा पूर्वीचा धनी किल्ल्यात मरण पावलेला! त्या कोवळ्या वयात यातील किती कळले असेल हे सांगता येत नाही. पण मुलांना वडील माणसे समजतात त्याहून पुष्कळ अधिक कळत असते, हा प्रस्तुत लेखकाचा वर्गातील अनुभव आहे. १८८५ साली त्यांस शिक्षणासाठी काठेवाडात राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठविण्यात आले आणि दुसऱ्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आबासाहेब घाटगे यांचेही निधन झाले. परमुलूख, परभाषा आणि वर पित्याच्या मृत्यूची वार्ता.

चौथ्या शिवाजी महाराजांची आणि या मुलाची जन्मपत्रिका आतापर्यंत बरीचशी जुळते. येथून पुढे मात्र वाट निराळी झाली, आणि ती का झाली हाच खरा प्रश्न आहे.

पहिले कारण असे की, यशवंतराव एकटे पडले नाहीत. धाकटे बंधू बापूसाहेब शिक्षणाच्या काळात त्यांच्या सोबत राहिले. एकाच आईच्या मृत्यूचे दुःख ज्यांनी वाटून घेतले होते असे हे दोघे भाऊ जन्मभर एकमेकांपासून मनाने दुरावले नाहीत. बापूसाहेब पुढे कागलचे अधिपती झाले तरी महाराजांचा उजवा हात म्हणूनच राहिले. राजकोटास भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी यांच्याशी मैत्री जडली, तीही अखेरपर्यंत टिकली. दुसरे कारण गुरूचे. राजकोटचा अभ्यास १८८९ मध्ये आटोपल्यावर पुढील शिक्षण धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेजर या तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली झाले. इंग्रज अधिकारी तितके सारे वाईट आणि आपले लोक तितके सारे चांगले असा हिशेब मांडण्याची आपल्याला सवय आहे. परंतु या ठिकाणी सत्य सांगावयाचे तर फ्रेजर यांनी मुलांचा अभ्यास घेतला, त्यांच्याबरोबर खेळले, त्यांना उत्तर हिंदुस्थान, दक्षिण प्रांत व सिंहलद्वीप दाखविले आणि चार-पाच वर्षे त्यांचा हात सोडला नाही. हेच फ्रेजर पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडियार यांचेही गुरू झाले, आणि म्हैसूरचा कारभार हिंदुस्थानात वाखाणला गेला. रघुनाथराव सबनीस हेही धारवाडास शिकवीत असत. महाराजांनी पुढे त्यांनाच दिवाणगिरी दिली. ज्याच्याजवळ लहानपणी विश्वास ठेवला त्याच्यावर मोठेपणीही विश्वास ठेवण्याचा हा त्यांचा स्वभाव होता.

ही केवळ प्रस्तुत लेखकाची कल्पना नव्हे. पॅसिफिक महासागरातील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सर्व मुलांचा एमी वर्नर या विदुषीने पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, आजारपण, घरातील कलह अशा अनेक आपत्तींत जी मुले वाढली त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले मोठेपणी उत्तम, कर्ती व समाधानी माणसे झाली. त्यांच्या बाबतीत जे आढळले त्यात प्रमुख हे की, आईबाप असोत वा नसोत, आजी, मोठे भावंड, शेजारी किंवा शिक्षक असे निदान एक माणूस त्यांच्या आयुष्यात टिकून राहिले होते. कोल्हापूरच्या गादीवरील दोन दत्तक मुलांचा इतिहास त्या संशोधनापेक्षा सत्तर वर्षांनी जुना आहे आणि तोच धडा त्यात लिहिलेला आहे. अर्थात दोघांच्या प्रकृती जन्मतः भिन्न नव्हत्या असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीसुद्धा एकास पहारेकरी मिळाले व दुसऱ्यास सोबती मिळाले, हा भेद लहान नव्हे.

१ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईसाहेबांशी महाराजांचा विवाह झाला व २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याधिकार हाती घेतला. म्हणजे ज्या वयात चौथ्या शिवाजी महाराजांचा अंत झाला त्याच वयात यांचे कार्य सुरू झाले! शरीर उंच, धिप्पाड, पहिलवानी. राजकोट व धारवाड येथे कमावलेल्या या शरीराची हौस त्यांनी जन्मभर राखली. स्वतः कुस्ती खेळले, मल्लांना आश्रय दिला आणि १९०२ साली विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्याच धर्तीवर खासबागेचे मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. तालमीची ही कथा कोल्हापूरकरांस नव्याने सांगण्याची जरुरी नाही.

जरुरी आहे ती पुढची गोष्ट सांगण्याची. राज्यावर येऊन दोन-अडीच वर्षे होतात न होतात तोच १८९६–९७ चा दुष्काळ आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने घातली, तगाई दिली, रस्ते-तलावांची कामे काढली, निराधारांसाठी आश्रम उघडले. हे सर्व एक दक्ष राजा करील. परंतु दुष्काळी कामावर खडी फोडावयास येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांचे काय, हा प्रश्न बावीस वर्षांच्या तरुण राजास पडावा आणि त्याने त्या मुलांसाठी कामाच्या जागी शिशुगृहे उघडावीत, हे विशेष होय. झाडाच्या फांदीला झोळी बांधून मूल उन्हात टाकून जाणारी आई त्यांनी पाहिली असेल. पण पाहिले तर पुष्कळांनी होते.

आज त्याच जुन्या कागल जहागिरीच्या परिसरात, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांची चूल तेथील फौंड्रीवर, सूतगिरणीवर व कापडाच्या कारखान्यांवर चालते. बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा, कर्नाटक येथून आलेली माणसे शेजारच्या गावांत एका खोलीत चौघे-पाच जण राहतात. नवरा रात्रपाळीस, बायको सकाळच्या पाळीस, आणि मूल दाराची कडी लावून शेजारणीच्या स्वाधीन. असे संसार प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या अखेरच्या वर्षांत जवळून पाहिले आहेत. वर्गात डुलक्या घेणारा मुलगा आळशी आहे असे समजून छडी उगारण्याचा काळ गेला तो बरेच झाले. दिवसा झोपलेल्या बापाची झोप मोडू नये म्हणून सुट्टीभर बाहेर भटकणारे व रात्री यंत्रांच्या आवाजात जागणारे मूल वर्गात झोपणार नाही तर काय करील? १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघराची तरतूद केली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघराचे बंधन घातले. महाराजांची शिशुगृहे १८९७ च्या सुमाराची. कायद्यास तेथवर येण्यास अर्धशतक लागले, आणि कागदावरून खोलीत, खोलीतून पाळण्यात येण्यास आणखी किती लागते ते पाळीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींनाच विचारावे.

वसतिगृहांचेही असेच आहे. १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ चे मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेले मिस क्लार्क, आणि त्यांमागून निघालेली निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे. यांचे वर्णन आपण शिक्षणाची सोय म्हणून करतो. ती सोय होतीच. परंतु खेड्यातून भाकरीचे गाठोडे घेऊन आलेल्या मुलास राहण्याची खोली मिळाली एवढ्याने महाराजांचे समाधान होत नसे. जागा, इमारत, कायमचे उत्पन्न यांबरोबर त्या मुलांवर देखरेख करणारी भली माणसे शोधण्याची त्यांची खटपट असे. घरापासून दूर, परक्या गावी वाढण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. आपल्या मंडळाच्या बैठकीत वसतिगृह की मंगल कार्यालय असा वाद अधूनमधून निघतो; मंगल कार्यालयाचे भाडे येते आणि वसतिगृहाचे येत नाही, हे हिशेबनिसांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. महाराजांच्या बोर्डिंगांचेही भाडे येत नव्हते. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला; त्यानेही दरबारच्या तिजोरीत भर पडली नाही, उलट भार पडला.

१२ जून १९१८ रोजी महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून निधन पावले. वय एकोणीस वर्षांचे. आईचा व बापाचा मृत्यू ज्या मनाने लहानपणी झेलला त्या मनावर हा तिसरा घाव पडला. राज्यकारभार थांबला नाही. १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला, मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व मुक्तकंठाने घोषित केले. पण प्रकृती मात्र पूर्वीची राहिली नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. या अकाली मृत्यूचे बीज बालपणीच्या आघातांत होते असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल. एवढा मोठा देह, एवढी दगदग, शत्रूंचे वार, मुलाचा शोक, अशी कारणे पुष्कळ आहेत. तथापि प्रेमाची माणसे लाभल्याने पोरक्या मुलाचे मन सावरते म्हणून त्याच्या देहानेही सारे काही विसरून जावे, असा नियम मात्र दिसत नाही.

प्रिन्स शिवाजींच्या मागे त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेब राहिल्या. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेले, वय अकरा-बारा वर्षांचे. त्या काळच्या राजघराण्यात बालविधवेच्या वाट्याला काय येत असे हे सांगावयास नको. अंधारी खोली, अळणी जेवण आणि मुलीच्या देहात हळूहळू मुरत जाणारे आजारपण. महाराजांनी सुनेला वाड्यातील त्या वातावरणातून बाहेर काढले, कोल्हापूरजवळ सोनतळी येथे तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटी राहू नये म्हणून सोबतीस तिच्याच वयाच्या मुली ठेवल्या. घरातून विरोध झाला, लोकापवाद झाला. त्यांनी तो मानला नाही. धारवाडच्या बंगल्यात आपल्याला जे मिळाले होते, अभ्यास, मोकळी हवा, सोबती आणि पाठीशी उभे असलेले एक वडील माणूस, तेच नेमके त्यांनी त्या मुलीस दिले. महाराज निवर्तल्यानंतरही तिचा अभ्यास सुटला नाही. १९२५ साली इंदुमती राणीसाहेब मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि त्यानंतर १९७१ पर्यंत, म्हणजे आणखी सेहेचाळीस वर्षे, कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणाचे काम करीत राहिल्या.